डोंबिवलीतील तीनशे चौरस फुटांच्या घराची फेररचना

हे प्रकरण माझ्या थोरल्या भावाच्या घराचे आहे. डोंबिवली पूर्वेला तळमजला अधिक तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली एक इमारत आहे. १९८६ साली बांधलेल्या या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हे घर आहे. माझे लहानपण याच घरात गेले. पुढे मी वास्तुरचनेचे शिक्षण घेतले, माझा संसार दुसरीकडे मांडला गेला आणि या घरात आई, दादा, वहिनी आणि दोन मुले अशी पाच माणसे राहू लागली. २०२२ च्या जानेवारीत वहिनीने फोन करून सांगितले, की भाची आता दहावीला जाईल, तिला बसायला जागा नाही, मोठे घर घेणे आवाक्याबाहेर आहे, तेव्हा एकदा येऊन बघून जा. वास्तुविशारद म्हणून मी या घराकडे तोपर्यंत कधी पाहिलेच नव्हते. आपण ज्या घरात वाढलो ते घर सुधारता येईल असे सहसा मनात येत नाही.

घराची रचना लांबट आहे. रुंदी सर्वत्र आतून दहा फूट. पुढे तीन फूट खोलीची गॅलरी, तिच्यामागे चौदा फूट लांबीची बाहेरची खोली, मग साडेसात फूट लांब आणि तीन फूट रुंद असा पॅसेज आणि शेवटी दहा बाय आठ फुटांचे स्वयंपाकघर. पॅसेजच्या एका बाजूला न्हाणीघर (चार बाय चार) आणि संडास (चार बाय तीन) एकापुढे एक आहेत आणि दोन्हींच्या खिडक्या मागच्या डक्टमध्ये (नळांसाठी आणि हवेसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) उघडतात. हे सर्व मिळून आतले क्षेत्रफळ सुमारे ३०० चौरस फूट भरते. जमिनीपासून स्लॅबपर्यंतची उंची साडेनऊ फूट आहे. त्या काळच्या बांधकामाची ही एक मोठी देणगी असून पुढचा बराचसा मार्ग या उंचीनेच मोकळा केला.

पहिल्या भेटीत दादाने त्याचा आराखडा सांगितला. गॅलरी आत घ्यायची, बाहेरच्या खोलीत मध्ये वीट-भिंत घालून दोन खोल्या करायच्या आणि संडास-बाथरूम एकत्र करून थोडी जागा काढायची. वन रूम किचन असलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात हाच आराखडा सांगितला जातो, आणि तो सांगणारा माणूस चुकीचा नसतो, कारण त्याने शेजाऱ्यांकडे तेच केलेले पाहिलेले असते. मी मात्र टेप काढण्याआधी एक वही मागितली. दोन आठवडे, दिवसाच्या प्रत्येक तासाला, घरातला कोणता माणूस कोणत्या जागी आहे आणि काय करतो आहे याची नोंद ठेवायची, असे ठरले. नोंदी ठेवायचे काम भाचीने घेतले आणि ते अतिशय काटेकोरपणे केले. घराचे क्षेत्रफळ आपण चौरस फुटांत मोजतो आणि तेवढ्यावर थांबतो. पण पाच माणसांच्या लहान घरात प्रत्येक जागा किती तास वापरली जाते आणि एकाच वेळी तिच्यावर किती जणांचा हक्क पडतो, हे कळल्याशिवाय कोणतीही भिंत हलवू नये, असे माझे ठाम मत आहे.

वहीतून निघालेल्या गोष्टींनी आम्हा सर्वांनाच विचारात पाडले. स्वयंपाकघर रात्री साडेदहापासून पहाटे पाचपर्यंत रोज पूर्ण रिकामे होते. दुसरीकडे, संध्याकाळी सात ते दहा या तीन तासांत बाहेरच्या खोलीत पाचही माणसे होती आणि त्यांची कामे एकमेकांशी न जुळणारी होती: एकाची मालिका, एकाचा अभ्यास, एकाचे जेवण, एकाची शिलाई. दादाला कारखान्यात तीन पाळ्या आहेत. रात्रपाळीच्या आठवड्यात तो सकाळी नऊ ते दुपारी तीन झोपतो आणि तेवढा वेळ आई व लहान भाचा अक्षरशः कुजबुजत वावरतात, हे मला त्या वहीतून प्रथमच कळले. सकाळी पावणेसहा ते साडेसात या वेळात न्हाणीघर सतत भरलेले होते, मात्र त्यातला बराचसा वेळ आंघोळीत जात नव्हता. दात घासणे, दाढी, तोंड धुणे अशा कामांसाठी माणसे आत कडी लावून उभी होती.

त्यानंतर मोजमाप झाले. बाहेरच्या खोलीतल्या १४० चौरस फुटांपैकी दुहेरी पलंग ३१, आईचा दिवाण १५, दोन लोखंडी कपाटे मिळून साडेनऊ, शिवाय टीव्हीचे टेबल, अभ्यासाचे टेबल, फ्रीज आणि शिलाई मशीन असे सगळे धरून सुमारे ७६ चौरस फूट जमीन सामानाखाली होती. राहिलेल्या ६४ मधून मुख्य दार आणि गॅलरीचे दार उघडण्यासाठी मोकळी ठेवावी लागणारी जागा वजा केली. अडीच फुटी पान पाव वर्तुळ फिरते तेव्हा जवळपास पाच चौरस फूट जमीन अडवते आणि तीन फुटी पान सात. आणखी दारापासून पॅसेजपर्यंतची दोन फुटी वाट वजा केली. पाच माणसांना बसायला उरली ती सुमारे २३ चौरस फूट, म्हणजे जेमतेम एका सतरंजीची जागा. हा आकडा कागदावर लिहून दाखवल्यावर दादा बराच वेळ काही बोलला नाही.

आता त्याच्या आराखड्याचा एकेक भाग तपासायचा होता. गॅलरी हा स्लॅबमधून पुढे आलेला झुलता, म्हणजे पुढच्या टोकाला आधार नसलेला सज्जा आहे. त्याचा सगळा भार मुळाशी, म्हणजे खोलीच्या बाजूला पेलला जातो आणि त्यासाठीची सळई स्लॅबच्या वरच्या थरात असते. टोकावर दहा फूट लांब आणि आठ फूट उंच अशी साडेचार इंची वीट-भिंत उभी केली, तर गिलाव्यासकट तिचे वजन दोन टनांच्या आसपास जाते. छत्तीस वर्षे पाऊस खाल्लेल्या सज्ज्यावर हे वजन टाकणे मला मान्य नव्हते. स्ट्रक्चरल इंजिनिअरनेही गॅलरीच्या खालच्या बाजूला गिलावा फुगलेला दाखवून तेच सांगितले. शिवाय गॅलरी बंद करायला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते, हे बहुतेक जण विसरतात.

दुसरा भाग वीट-भिंतीचा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरात राहण्याच्या दोन खोल्या असतील तर एक किमान साडेनऊ आणि दुसरी किमान साडेसात चौरस मीटरची हवी. आमची १४० चौरस फुटांची खोली म्हणजे १३ चौरस मीटर. दुभागल्यावर कसेही मांडले तरी दोन्ही अटी एकत्र पाळणे शक्य नव्हते, आणि आतल्या भागाला खिडकीच उरत नव्हती. एका बऱ्या खोलीच्या दोन वाईट खोल्या झाल्या असत्या. तिसरा भाग, संडास आणि न्हाणीघर एकत्र करण्याचा, वहीनेच बाद केला: सकाळच्या पावणेदोन तासांत दोन स्वतंत्र दारे हीच या घराची मोठी सोय होती.

या टप्प्यावर भाचीने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. हाँगकाँगमधील वास्तुविशारद गॅरी चँग यांचे ३२ चौरस मीटरचे, म्हणजे ३४४ चौरस फुटांचे घर जगभर गाजले आहे. छताच्या रुळांवर टांगलेल्या भिंती सरकवून ते एकाच खोलीचे चोवीस प्रकार करतात. लहानपणी आईवडील, तीन बहिणी आणि एक भाडेकरू यांच्यासह ते त्याच घरात राहिले होते. ते काम मला मनापासून आवडते, आणि टांगत्या रुळाची कल्पना आम्ही घेतलीही. परंतु ती चोवीस घरे एका माणसाची, एकामागून एक येणारी आहेत. आमच्याकडे पाच माणसांना पाच वेगळ्या गोष्टी एकाच वेळी करायच्या होत्या. एकट्या माणसाच्या घरात जागेचे रूप बदलत राहिले तरी चालते. कुटुंबाच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ काहीतरी ओढणे, उचलणे, घडी घालणे हे काम शेवटी घरातल्या बाईवर पडते आणि महिन्याभरात ते बंद होते. म्हणून हलणाऱ्या गोष्टी तीनच ठेवायच्या, असे मी ठरवले.

पहिली आणि मुख्य गोष्ट म्हणजे भोवती घडीची तावदाने असलेली बैठक. बाहेरच्या खोलीच्या आतल्या टोकाला, पॅसेजकडे जाणारी तीन फुटी वाट सोडून, सात बाय पाच फुटांचा आणि दीड फूट उंचीचा लाकडी चौथरा केला. दिवसा त्यावर गादी, लोड आणि तक्के. पाहुणे आले की चार-पाच माणसे मांडी घालून ऐसपैस बसतात. रात्री तोच दादा-वहिनीचा पलंग. चौथऱ्याच्या पोटात सुमारे ५० घनफूट जागा आहे: पुढच्या अर्ध्या भागात चाकांवर सरकणारे तीन खण, ज्यांत रोजची अंथरुणे-पांघरुणे जातात, आणि मागच्या अर्ध्या भागात वरून उघडणारी झाकणे, ज्यांखाली वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू राहतात. खण चॅनेलवर (धातूच्या सरकपट्ट्यांवर) बसवण्याऐवजी चाकांवर ठेवण्याचा आग्रह आमच्या सुतारमिस्त्रींचा होता. गोधड्यांच्या वजनाने चॅनेल वाकतात, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते.

बैठकीच्या पुढे आणि बाजूला छताच्या रुळावर टांगलेली घडीची तावदाने आहेत. ती ओढली की चौथऱ्याची खोली होते. तावदाने वर दीड फूट मोकळी सोडली, म्हणजे पंख्याची हवा फिरते. आतल्या बाजूला जाड कापडाचा थर आहे. हे मुख्यतः दादाच्या रात्रपाळीसाठी केले, परंतु त्याचा दुसरा उपयोग वहिनीने मला एकटीला सांगितला: लग्नानंतर सतरा वर्षांत पहिल्यांदाच साडी बदलायला न्हाणीघरात जावे लागत नाही. लहान घरांच्या चर्चेत खाजगीपणाचा विषय नेहमी शेवटी आणि चोरून येतो. तो पहिल्या भेटीत, पहिल्या प्रश्नात यायला हवा होता, आणि मी तो विचारला नव्हता.

दुसरी हलणारी गोष्ट स्वयंपाकघरात. माझ्या पहिल्या आराखड्यात तिथे भिंतीत उभा बसणारा पलंग होता आणि भाची तिथेच झोपणार होती. रिकामे स्वयंपाकघर पाहून सुचलेला हा सोपा उपाय. वही पुन्हा वाचताना लक्षात आले, की नळाला पाणी पहाटे पाचला येते आणि वहिनी पाचलाच स्वयंपाकघरात असते. रात्री साडेअकरापर्यंत अभ्यास करणाऱ्या मुलीला रोज पाचला उठवणारा तो पलंग झाला असता. म्हणून झोपण्याची जागा बाहेर आणि अभ्यासाची आत, अशी अदलाबदल केली. ओट्यासमोरच्या भिंतीला चार बाय दोन फुटांचे घडीचे टेबल लावले, त्याच्यावर दिवा आणि प्लग. संध्याकाळी त्यावर जेवणे होतात, नऊनंतर ते भाचीचे. स्वयंपाकघराचे जुने दार काढून वरून टांगलेले सरकते दार बसवले, त्यामुळे टीव्हीचा आवाज अडतो. शेगडीपाशी टेबल येऊ नये यासाठी दोन्हींमध्ये चार फुटांचे अंतर राखले.

तिसरी म्हणजे आईच्या दिवाणाखालून ओढून काढायचा बुटका पलंग, ज्यावर भाची झोपते. तो काढल्यावरही दिवाणापासून संडासापर्यंत तीन फुटांची वाट मोकळी राहते का, हे आम्ही जमिनीवर खडूने आखून, दिवे घालवून, आईला तीन वेळा चालायला लावून पाहिले. ती पंचाहत्तर वर्षांची आहे आणि रात्री दोनदा उठते. भाच्याची गादी गॅलरीच्या दाराजवळ आडवी पडते. संडास-न्हाणीघराची दारे पूर्वीप्रमाणे बाहेरच उघडणारी ठेवली. आत उघडली असती तर पॅसेज मोकळा राहिला असता हे खरे. परंतु म्हातारे माणूस आत पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते, त्यामुळे इथे जागेचा विचार करायचा नाही असे मी आधीच ठरवले होते.

सामानाचा प्रश्न माळ्याने सोडवला. पॅसेजवर सात फुटांच्या उंचीला माळा घातला. साडेबावीस चौरस फुटांचा आणि सव्वादोन फूट उंचीचा हा माळा पन्नास घनफूट सामान घेतो, म्हणजे दीड लोखंडी कपाटाहून जास्त. दोन्ही कपाटे गेली आणि त्यांच्या जागी मुख्य दारालगत सहा फूट रुंद, जमिनीपासून छतापर्यंतचे एकच कपाट भिंतीत बसल्यासारखे उभे राहिले. फ्रीज आणि शिलाई मशीन स्वयंपाकघरात गेले, टीव्ही भिंतीवर. सामानाखालची जमीन ७६ चौरस फुटांवरून ६० वर आली. हा फरक कागदावर लहान दिसतो, मात्र त्या साठांतली ३५ बैठकीची, म्हणजे दिवसभर बसण्याच्या उपयोगाची आहे.

त्याआधी सामानाची निवड करावी लागली, आणि संपूर्ण कामातला तो सर्वांत अवघड आठवडा होता. रोज लागणारे, आठवड्याला लागणारे, सणाला लागणारे आणि कधीच न लागणारे असे चार ढीग केले. चौथ्या ढिगात तांब्याचा बंब होता. आईने तो ढिगातून उचलला आणि काही न बोलता पहिल्या ढिगात ठेवला. तिच्या सासूने तो पंढरपूरहून आणला होता. शेवटी बंब गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी गेला. रोज घासला जातो, म्हणजे एका अर्थाने तो रोज लागणारा आहेच.

सकाळच्या गर्दीवर केलेला उपाय अगदी साधा होता. पॅसेजमध्ये, न्हाणीघराच्या भिंतीला, दहा इंच खोलीचे अरुंद वॉश बेसिन लावले आणि त्याचे सांडपाणी भिंतीतून न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालील भांड्यात, सोडले. दात घासणे आणि दाढी बाहेर आली, आणि न्हाणीघर रोज सकाळी जवळपास पाऊण तास मोकळे झाले. खर्चाच्या मानाने इतका लाभ दुसऱ्या कोणत्याही कामाने दिला नाही.

परंतु याच कामात माझी चूक झाली. सांडपाण्याच्या नळीसाठी भोक पाडताना न्हाणीघराच्या जमिनीलगतचा जलरोधक थर दुखावला गेला. नियमाप्रमाणे ट्रॅप बंद करून, जमिनीवर पाणी साठवून ४८ तास ठेवायचे आणि खालच्या घराचे छत पाहायचे असते. पाऊस तोंडावर आला होता, फरशीवाले खोळंबले होते, आणि फक्त एक लहान भोक आहे असे म्हणून मी ती चाचणी टाळली. तिसऱ्या आठवड्यात खालच्या काकूंच्या छताला ओल आली. नवी फरशी उखडली, खालचा जुना कोबा काढला, संक (न्हाणीघराच्या स्लॅबचा खाली सोडलेला खोलगट भाग) रिकामा करून पुन्हा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि जलरोधक थर केला, आणि या वेळी चाचणीही पूर्ण केली. त्यात नऊ दिवस आणि जवळपास चाळीस हजार रुपये गेले. काकूंच्या छताचा गिलावा आणि रंग आम्हीच करून दिला. जुन्या इमारतीतल्या ओल्या जागेला हात लावायचा असेल तर पाण्याच्या चाचणीचे दोन दिवस वेळापत्रकात आधीच लिहावेत; नंतर ते सापडत नाहीत.

परवानग्यांविषयी थोडक्यात. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सदस्याला समितीच्या लेखी परवानगीशिवाय घरात फेरफार करता येत नाही, आणि तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. आमच्या इमारतीची तपासणी त्याच वर्षी व्हायची होती. आम्ही अर्जासोबत इंजिनिअरचे पत्र आणि कोणत्याही वीट-भिंतीला, स्तंभाला वा तुळईला हात लावत नसल्याचा नकाशा दिला. कामाच्या वेळा आणि डेब्रिज जिन्यावरून गोणीत उतरवण्याची अट समितीने घातली. ती योग्यच होती. एकही भिंत पाडायची नसल्याने परवानगी दहा दिवसांत मिळाली.

काम एप्रिलच्या शेवटी, मुलांच्या परीक्षा संपल्यावर सुरू झाले. वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेली, आई माझ्याकडे आली. ठरवलेले अडतीस दिवस ओलीच्या दुरुस्तीमुळे सत्तेचाळीस झाले. एकूण खर्च ४ लाख ७५ हजार रुपये आला. त्यातला निम्म्याहून अधिक सुतारकामाचा, कारण ओट्याखालच्या कप्प्यांना आणि पॅसेजच्या माळ्याला पाण्यात टिकणारे प्लायवूडच वापरले. बाकीच्या कामांत मध्यम दर्जाचे चालले असते, इथे चालले नसते.

सहा महिन्यांनी भाचीने पुन्हा दोन आठवड्यांची वही भरली. स्वयंपाकघर रात्री साडेअकरापर्यंत वापरात आले होते. संध्याकाळी सात ते दहा बाहेरच्या खोलीत आता एकाच वेळी सरासरी तीन माणसे असतात. रात्रपाळीच्या आठवड्यात आई दुपारी रेडिओ लावते. घडीचे टेबल रोज मिटवले जात नाही. वहिनीने ते उघडेच ठेवायला सुरुवात केली आहे, कारण तिला त्यावर भाजी निवडायला आवडते, आणि ते उघडे असले तरी वाट अडत नाही. हलणाऱ्या तीन गोष्टींपैकी एक अशा रीतीने स्थिर झाली. मला ते चांगले चिन्ह वाटते.

एक गोष्ट मात्र आराखड्यात पूर्ण सुटली होती. जानेवारीत मोजमाप घेतल्यामुळे पावसाळ्यातले कपडे कुणाच्याच डोळ्यांसमोर आले नाहीत. जून ते सप्टेंबर गॅलरीत झड येते आणि पाच माणसांचे ओले कपडे बाहेरच्या खोलीत दोरीवर येतात. पहिल्या पावसाळ्यात ते थेट तावदानांच्या रुळाला अडकवले गेले आणि रूळ एका बाजूने वाकला. “आत्या, वहीत पावसाळ्याचं पान नव्हतं,” असे भाची म्हणाली. आता दिवाणाच्या वरच्या छताला कप्पीने वरखाली होणाऱ्या सहा फुटी चार नळ्या बसवायच्या आहेत. वर ओढल्यावर त्या आठ फुटांवर जातात, पंख्याच्या पात्यापासून दोन फूट अंतर राहते, आणि खाली बसलेल्या आईच्या डोक्यावर पाणी ठिबकू नये म्हणून कपडे आधी मशीनमध्ये पिळून घ्यावे लागतील. सुतारमिस्त्री पुढच्या रविवारी माप घ्यायला येणार आहेत.